बारा ते एकचं जेवण

पार्कवाल्यांनी मला फसवलं. नऊ माणसांच्या जेवणाचे पैसे आधी घेतले, पाच माणसांना जेवू घातलं आणि चार बायकांना यंत्रावर लाल दिवा दाखवून उपाशी परत पाठवलं. त्या चौघींत माझी थोरली बहीण होती.

आता मोंढ्यात, आमच्या धान्य-हळदीच्या बाजारात, लोक मला विचारतात. आमच्या हिंगोलीतून सुट्ट्या लागल्या की गाड्या भरून माणसं त्या मोठ्या पार्कांकडे निघतात, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, खोटे राजवाडे बघायला. तिकिटाबरोबर जेवणाचे पैसेही आधीच भरून टाका, स्वस्त पडेल, असं ते लोक फोनवर सांगतात. मग कोणीतरी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो आणि म्हणतो, शेठ, तुम्ही जाऊन आलात, तुम्ही भाव पाडणारे माणूस, सांगा, परवडतं का ते. मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. चार वेळा बदलला. आता लिहूनच टाकतो.

मी हळदीचा खरेदीदार आहे. साखऱ्याकडच्या एका वाडीत जन्मलो. बाप मी चालायला लागायच्या आत गेला, आई त्यानंतर फार टिकली नाही. अक्काला पुसेगावात दिली होती. तिचा नवरा वारला तेव्हा तिच्या अंगावर धड लुगडं नव्हतं, आणि ती परत आली ती मला वाढवायलाच आली. लोकांच्या वावरात खुरपायला जायची. मला आधी वाढायची, मी उठलो की टोपल्यात जे असेल ते घेऊन चुलीपुढं बसायची. टोपल्यात काय असायचं ते मी त्या वयात कधी वाकून पाहिलं नाही.

मिसरूड फुटायच्या आत मी मोंढ्यात पोती उचलायला लागलो. मग पोत्यातून सांडलेले हळकुंडांचे तुकडे विकत घ्यायला लागलो, मग पोती, मग गाड्या. माझा एकच नियम आहे आणि तो आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना माहीत आहे. हळकुंड फोडून आतला रंग बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. कोणी कितीही जवळचा असो, वरून माल कितीही चकचकीत असो. लोक चिडतात, मीही चिडतो, शिव्यांपर्यंत जातं. पण फोडल्याशिवाय नाही.

आणि जेवणाचे पैसे मात्र मी ताट न बघता भरले.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत लेक आणि जावई येणार होते. नातवंडांनी मोबाइलवर ते पार्क पाहून घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगा म्हणाला, सगळेच जाऊ. मी, बायको, मुलगा, सून, त्यांची दोन लेकरं, लेक, जावई आणि अक्का. अक्का यायला तयार नव्हती. तिला साखरेचा आजार, दिवसातून तीन वेळा जेवणाआधी सुई टोचून घ्यावी लागते. पण धाकट्या नातवानं हट्ट धरला, मोठी आजी नसेल तर मी नाही, आणि ती तयार झाली.

मग प्रश्न आला जेवणाचा. तिथं घरचं काही आत नेऊ देत नाहीत, हे आमच्या शेजारच्या अडत्यानं सांगितलं होतं. तो दोन महिन्यांपूर्वी जाऊन आला होता. आत एका माणसाच्या इडलीला जेवढे पैसे मोजावे लागतात तेवढ्यात आमच्या बसस्थानकासमोर चार माणसं पोट भरून जेवतात, असं तो म्हणाला. आधी पैसे भरले तर थाळी, वर पाहिजे तेवढं वाढून घ्यायचं, संध्याकाळी चहा आणि खायला काहीतरी, हे सगळं निम्म्याच्या जरा वर पडत होतं. एक अट होती. भरायचं तर सगळ्यांचं भरायचं. जे जास्त खातात त्यांचं भरलं आणि बाकीच्यांचं सोडलं, असं चालत नव्हतं.

ओसरीवर बसून मी प्रत्येकाचं पोट तोललं. जावई खाणारा माणूस, तो एकटा दोघांचं वसूल करील. मुलगा आणि मी, ठीक. लेकरं पाण्यातून बाहेर निघाली की अधाशासारखी खातात, पण पाण्यातून निघतील तर ना. बायका बेताच्या. अक्काची अर्धी भाकरी. हा हिशोब मी बोलून दाखवत होतो आणि सगळे हसत होते.

"माझ्या अर्ध्या भाकरीचे पुरे पैसे काहून द्यायलास?" अक्का म्हणाली. "मी दशम्या बांधून घेते. दुधातल्या. दोन दिवस ऱ्हातात."

"दशम्या दारातच काढून घेतील."

"मागून तर बघू. मानसंच हायत ना तितं."

मी तिला गप्प केलं आणि फोन लावला. पार्कची मुलगी गोड बोलत होती. मी तासभर तिच्याशी भाव केला, फोन दोनदा ठेवला, तिनं दोनदा परत केला. शेवटी ती म्हणाली, जेवणाची वेळ बारा ते एक घेतलीत तर अजून कमी करून देते, त्या वेळेला गर्दी कमी असते. आमची माणसं नाहीतरी बाराला जेवतात. मी लगेच हो म्हणालो. मुलगा बाजूला उभा होता, म्हणाला, बाबा, नऊ माणसांना एक तास पुरेल का ते विचारा. मी त्याला म्हणालो, शंभर माणसांची पंगत आपण अर्ध्या तासात उठवतो, हे नऊ माणसांचं काय सांगतोस. पैसे त्याच वेळी त्याच्या मोबाइलवरून गेले. त्या रात्री मला छान झोप लागली. भाव पाडल्यावर लागते तशी.

आम्ही आदल्या दिवशी निघून वाटेत मुक्काम केला आणि सकाळी दारात उभे राहिलो. प्रत्येकाच्या मनगटावर रबरी पट्टा बांधला. त्या पट्ट्यातच तिकीट, त्यातच जेवण. मी खिडकीवर लेकराच्या उंचीवरून भांडत होतो, कारण ते थोरल्या नातवाचं मोठ्या माणसाचं तिकीट लावत होते. तेवढ्यात पलीकडे बायकांच्या पिशव्या तपासणं चाललं होतं. तिथं काय झालं ते मला नंतर सुनेनं सांगितलं.

पहारेकऱ्यानं दशम्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली आणि निळ्या ड्रममध्ये टाकली. मग त्यानं अक्काची छोटी पिशवी उघडली. त्यात सुईचा डबा होता आणि खडीसाखरेची पुडी होती. साखर एकदम उतरली, अंगाला घाम सुटला, तर लगेच तोंडात टाकायला ती पुडी तिच्यापाशी कायम असते. डॉक्टरांनीच सांगितलेलं. सुई त्यानं औषध म्हणून परत दिली. पुडी उचलली.

"लेका, ती बी औषधच हाय," अक्का म्हणाली.

तो म्हणाला, औषधाचा कागद दाखवा. साखरेच्या पुडीचा कागद कोणाकडे असतो? सून काही बोलायच्या आत पुडी ड्रममध्ये गेली. मागे रांग लांब होती, लोक ओरडत होते. अक्का सुनेला म्हणाली, जाऊ दे, आज काय आपल्याला लागायची न्हाई, जेवन तर भरलेलंच हाय.

हे मला त्या वेळी कोणी सांगितलं नाही. मी भांडून थोरल्याचं तिकीट अर्धं करून घेतलं होतं आणि खुशीत होतो.

आत सामान ठेवायला कुलपाची कपाटं होती. त्याचं भाडं ऐकलं आणि मी म्हणालो, नको. पिशव्या, कोरडे कपडे, चपला आम्ही एका झाडाखालच्या बाकड्यावर ठेवल्या. कोणीतरी एक जण बसून राहील, त्यात काय. लेकरं पाण्यात गेली, जावई आणि मुलगा त्यांच्या मागे. अक्का बाकड्यावर पदर सावरून बसली आणि घसरगुंडीवरून येणाऱ्या मोठ्या मोठ्या माणसांना हसत होती. सकाळ चांगली गेली. एवढं मी नाकारणार नाही.

बारा वाजले. आता आमच्या घरची रीत सांगतो, कारण शहरातल्या माणसाला ती माहीत नसते. आमच्यात आधी पुरुष आणि लेकरं बसतात. जावई असला की आधी जावई. ते उठले की बायका. सगळ्यात शेवटी अक्का, ती कोणाचं ऐकत नाही. आणि सुईचं तिनं स्वतःच बसवलेलं गणित होतं. पुरुषांची ताटं मांडली की ती आत जाऊन सुई घेते. पुरुष जेवून उठेपर्यंत बराबर तिची जेवायची वेळ होते. इतक्या वर्षांत त्यात कधी तकलीफ झाली नाही.

तिथंही तसंच झालं. सामानापाशी कोणीतरी पाहिजेच होतं. बायको म्हणाली, तुमी जेवून या, मग आमी जातो. आम्ही पाच जण उठलो. वळून पाहिलं तेव्हा अक्का डबा उघडत होती. मी पाहिलं, आणि त्यात मला नवीन काही दिसलं नाही.

गर्दी कमी असते असं त्या मुलीनं सांगितलं होतं. रांग दाराबाहेर, दारापासून कारंज्याला वळसा घालून मागे गेली होती. तो सगळा बारा ते एकचा स्वस्तातला माल होता, माझ्यासारख्यांनी फोनवर भाव पाडून घेतलेला. एका एका माणसाचा पट्टा यंत्राला लावायचा, हिरवा दिवा लागायचा, मग थाळी. जावयाला रांगेत उभं करायची मला लाज वाटत होती, म्हणून त्याच्याशी हळदीच्या भावावर बोलत राहिलो. आमची पाळी आली तेव्हा अर्ध्याहून जास्त तास गेला होता. जेवण बरं होतं. जावयानं तीन वेळा वाढून घेतलं आणि मी मनातल्या मनात वसुली मोजत होतो.

आम्ही परत आलो आणि बायका उठल्या. त्या रांगेत लागल्या. मी झाडाखाली आडवा झालो. डोळा लागणार तोच लेक धावत आली. यंत्रावर लाल दिवा लागतोय म्हणाली, एक वाजून गेला म्हणतात, आता जेवण नाही.

मी गेलो. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, सर, तुमची वेळ संपली. मी म्हणालो, माझी वेळ संपली पण माझे पैसे संपले का? चार थाळ्या अजून तुमच्याकडे आहेत. ती म्हणाली, आता खायचं तर पुन्हा पैसे भरावे लागतील. तिनं भाव सांगितला. त्या भावात आमच्याकडे घरभर माणसं जेवली असती. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी टेबलावर हात आपटला. गळ्यात टाय घातलेला एक पोरगा आतून आला, म्हणाला, मी इथला मॅनेजर, काका, आवाज कमी करा.

"सगळे एकदम का आला नाहीत?" त्यानं विचारलं. "बायकांना मागे का ठेवलं?"

"सामान काय तुज्या डोक्यावर ठेवू?"

"कपाटं आहेत ना."

"त्याचे बी पैसे, याचे बी पैसे. श्वास घ्यायचे किती घेता, ते बी सांगून टाक."

लोक हसले. मला जोर आला. मी त्याला मोंढ्यात देतात तसा एक एक मुद्दा दिला. फोनवर गर्दी कमी सांगितली, ती खोटी. तासात नऊ माणसं होतील सांगितलं, ते खोटं. हे दुसरं तिनं सांगितलं नव्हतं, मीच म्हणालो होतो, पण त्या वेळी मला तिनंच सांगितल्यासारखं वाटत होतं. चार थाळ्या दे नाहीतर चार थाळ्यांचे पैसे दे. मी हटणार नव्हतो आणि तो थकत चालला होता. भाव करताना समोरचा कधी मोडतो ते मला कळतं. तो मोडत आला होता. अजून थोडं, एवढंच मला दिसत होतं.

अक्का बाजूला फुलझाडांच्या कट्ट्यावर बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, असू दे. मला भूक न्हाई."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. मी मान वळवली नाही.

थोड्या वेळानं ती पुन्हा काहीतरी बोलली. या वेळी मॅनेजरनं तिच्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहत होतो. मग सून माझ्या हाताला धरून ओढायला लागली. माझ्या सुनेनं मला कधी हात लावलेला नाही.

"मामा, आत्याबाईनं सुई घेतली हाय. तुमी जेवायला गेलता तवाच."

मी वळलो. अक्काचा पदर घामानं भिजला होता. ती माझ्याकडे पाहत होती पण मला पाहत नव्हती. "पाव्हणे जेवले का?" ती विचारत होती. आमच्याकडे जावयाला पाव्हणे म्हणतात. "पाव्हण्याला वाढा. पाव्हणे जेवले का?" जावई तिच्यापुढेच उभा होता.

मी खिशातल्या सगळ्या नोटा टेबलावर टाकल्या. किती होत्या ते माहीत नाही. म्हणालो, दे, काहीही गोड दे, सगळं घे. ती मुलगी घाबरली होती. म्हणाली, सर, इथे रोख चालत नाही, दाराजवळच्या खिडकीवर पट्ट्यात भरून आणावे लागतात. मुलगा खिडकीकडे पळाला. मी सुनेला म्हणालो, तिची खडीसाखर काढ, आणि सुनेनं तिथं मला ड्रमचं सांगितलं.

आयुष्यात मी पैसे नसताना पुष्कळ उभा राहिलो आहे. हातात नोटा असून, समोर जिलबीनं भरलेली परात असून, तिच्यावर काच असून, उभं राहणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. काच फोडायला मी पाण्याचा जग उचलला. जावयानं माझा हात धरला. तेवढ्यात रांगेतल्या एका अनोळखी बाईनं आपल्या लेकराच्या हातातली आंब्याच्या रसाची बाटली हिसकावली आणि आम्हाला दिली. लेकरू रडायला लागलं. अक्काची दातखीळ बसली होती. रस हनुवटीवरून गळ्यावर आला. बायकोनं बोट घालून हिरड्यांना रस चोळला आणि मी, देवाधर्माचं फारसं न करणारा माणूस, त्या टायवाल्या पोराचे पाय धरले. त्यानं फोन केला. मग नर्स आली, मग गाडी, मग तिथल्या गावातला दवाखाना.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. साखर फार खाली गेली होती आणि फार वेळ खाली राहिली होती, मेंदूला त्याचा मार बसतो, किती भरून येईल ते सांगता येत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सून माझ्याशेजारी उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, तवाच पुन्यांदा पैसे भरून टाकले असते तर?"

माझ्याकडे उत्तर होतं. एकदा भरलेले पैसे पुन्हा का भरायचे? ते उत्तर आजही बरोबर आहे. पण मी ते तिला दिलं नाही आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.

अक्का घरी आहे. चालते, देवाचं करते, माणसं ओळखते, बहुतेक वेळा. आता आम्ही तिला सगळ्यांच्या आधी बसवतो. ती घास हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहते आणि विचारते, पाव्हणे जेवले का. दुपारी विचारते, चहाच्या वेळी विचारते, जावई त्याच्या गावी असताना विचारते. जेवले म्हटलं तर घडीभर थांबते आणि पुन्हा विचारते. सून तिला घास भरवते. मी समोर बसायचा प्रयत्न केला. मला बसवत नाही. मी मोंढ्यात जातो आणि हळकुंडं फोडत राहतो, घ्यायची नसलेलीसुद्धा.

पार्कवाल्यांना मी तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं. झाल्या गैरसोयीबद्दल वाईट वाटतं, पुढच्या खेपेला आपल्या कुटुंबाला जेवण आमच्याकडून मोफत. मी ते मुलाला दोनदा वाचायला लावलं. फोनवर विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेतो. फोनवाली मुलगी म्हणते, मी फक्त विकते. मॅनेजर म्हणतो, यंत्र आपोआप बंद होतं. दारावरची माणसं ठेकेदाराची, आणि ठेकेदार म्हणतो, नियम पार्कचा.

म्हणून मोंढ्यात विचारणाऱ्यांना सांगतो. परवडतं. तुमची सगळी माणसं धडधाकट असतील, सगळी एकदम जेवायला बसत असतील, सामान सांभाळायला कोणी मागे राहत नसेल, तर पैसे वाचतात, मी हिशोब करून पाहिला आहे. ज्या घरात कोणीतरी शेवटी जेवतं त्या घरानं भरू नयेत. आपल्याकडे असं कोणतं घर नाही ते मला दाखवा.

आणि पार्कवाल्यांना सांगतो. मला मोफत जेवण नको, पैसे नकोत. मला एक माणूस पाहिजे. ड्रममध्ये पुडी टाकणारा असो, गर्दी नसते म्हणणारी असो, एकाच्या ठोक्याला यंत्र बंद व्हावं असं ठरवणारा असो, तुम्हीच ठरवा कोण. त्यानं हिंगोलीला यावं. माझ्या ओसरीवर अक्कासमोर बसावं. ती विचारेल, पाव्हणे जेवले का. आमची उत्तरं संपली आहेत. त्यानं तिला उत्तर द्यावं, आणि तिचं समाधान होईपर्यंत उठू नये.